डाव्या बाजूचा ॲक्सल

उजवा निघाला मघाशीच, चहा यायच्या आत.
त्याच्या भोकात उस्तादांनी
झाडूचा दांडा खोचून ठेवलाय,
आतले गिअर जागचे हलू नयेत म्हणून.
डावा दुपारपासून हटून बसलाय.

मालगंजचा गाळा. घोडीवर फणसेकाकांची झेन,
चाक काढलेली, एक पाय पुढे करून बसलेल्या
पेशंटसारखी.
खाली तुपाच्या पत्र्याच्या डब्यात गिअर ऑइल
थेंब थेंब, रंग मधाचा, वास गंधकाचा.
नट सगळे जिरावणाच्या रिकाम्या डबीत.
हबचा मोठा तेवढा माझ्या खिशात, मांडीला टोचणारा.

सादिक उस्ताद म्हणाले होते, ओढू नकोस.
मी ओढलाच.
पाय घोडीला लावून, दात खाऊन.
"घोडीला लाथ मारतेस? गाडी अंगावर घ्यायचीय?"
पण बोटभर सरकला तो, आणि मी हरखले.
तो ॲक्सल नव्हता.
रबराच्या बुटातला सांधा होता,
आतल्या आत निखळायला निघालेला.

डिझेल झालं. हातोडी झाली. सियागंजातून
हकीमुद्दीनभाईंच्या दुकानातला गंजावरचा फवारा झाला.
सगळे नवस बोलून झाले.
नंदानगरच्या आयटीआयमध्ये
या धड्याला आमचे सर रजेवर होते.

मग उस्तादांनी भंगारातून शोधून
एक क्लिप माझ्या तळहातावर ठेवली.
बारीक तारेची कडी, तोंड उघडं.
"एवढीशीच आत बसलीय, बस."

मी ओळखलं तिला.

एमवायच्या तिसऱ्या मजल्यावर, माघात,
ऑपरेशनआधी नर्स म्हणाली, अंगावर धातू नको.
मंगळसूत्र निघालं, बांगड्या निघाल्या,
सुजलेल्या बोटातलं एक जोडवं निघेना.
एकतीस वर्षांचं.
मावशी म्हणाली, कापा.
आई म्हणाली, कापायचं नाही,
नवऱ्याचं म्हणून नव्हे,
माझ्या शिवणाच्या पैशांचं आहे ते.
नर्स झाबुआची, सुमित्रा भूरिया.
साबण लावला, दोरा गुंडाळला, आणि फिरवत राहिली,
जोडव्याचं उघडं तोंड कुठं येतंय ते चाचपत.
बोलत होती भलतंच:
गावचा मका, भावाची हप्त्यावरची मोटरसायकल.
आई हप्ता किती ते विचारत होती
तेवढ्यात नर्सने मूठ उघडून दाखवली.

मी ॲक्सल हातात धरला. ओढला नाही.
थोडा फिरवला, थांबले. पुन्हा थोडा.
क्लिपचं तोंड खाली आलं असेल, नसेल,
लोखंडातून दिसत नाही, अंदाजच घ्यायचा.
दोन टॉमी, समोरासमोर लावलेल्या,
एक उस्तादांकडे, एक माझ्याकडे.
"आई कशी आहे आता?"
चढते म्हटलं जिना, पण मधल्या पायरीवर थांबून
खालच्या भाजीवाल्याशी भांडायला...

टक्.

एवढंच. भुईमुगाची शेंग फोडावी तसं.
तीन तास आम्ही ज्याला शिव्या घातल्या
त्याचा आवाज एवढा.
उरलेलं तेल माझ्या कोपरापर्यंत बाहीत.

क्लिप बाहेर आली ती वाकडी, एका टोकाला चपटी.
आमच्याआधी कुणीतरी
घाईत ठोकून बसवली होती.
उस्तादांनी त्याच्या खानदानाचा उद्धार केला
आणि ती भंगारात फेकली.

आईने जोडवं परत घातलं नाही.
पाकिटात असतं, गॅसच्या कार्डाला चिकटून.
बोट मोकळं बरं वाटतं, म्हणते,
आणि त्यावर जास्त बोलत नाही.

सील बघायचं राहिलंय. खाचेतला गंज
पॉलिश पेपरने घासायचाय.
नवी क्लिप पंधरा रुपयांची, पण सियागंज आठला बंद.

फणसेकाकांचा फोन. निघाला का?
निघाला, म्हटलं.
बसवायचा आहे अजून.